डोक्याले वारा

तलावाची पाळ,
६ जानेवारी २०२५

प्रफुल,

तुले 'चिरंजीव' लिहू का नुसतं नाव लिहू, याच्यातच एक कागद वाया गेला. नऊ वर्षं तुझी माझी बोलाचाली नाई, आन त्या दिवशी दवाखान्यात सगळ्या लोकांपुढे तू माझ्या पायावर डोकं ठेवलं. "दादा, तू माझी पोरगी वाचवली," म्हणला. मले तुले उठवताही आलं नाई. तू समजला असशील, दादाले गहिवरून आलं. बरं, तसंच समज.

मी फोन काऊन उचलत नाई म्हणून तू तुझ्या वहिनीले विचारलं म्हणे. गोकुळा म्हणते, भावाले काई तरी कळवा. इथी कॅम्पावर रेंज नाई, टेकडीवर चढा लागते. आन खरं सांगू का, तू तिकून 'दादा' म्हणलं की माझं तोंडच बंद होते. त्याच्यापेक्षा कागद बरा. कागद मधात बोलत नाई.

पायलची तब्येत आता कशी आहे ते लिही. खाते का बराबर? आन तिची मैत्रीण, ती मूल गावची हर्षा, तिच्या हाताचं काय झालं? तवा तिले पेलाही धरता येत नव्हता.

तू त्या दिवशी विचारलं होतं, दादा या वयात तू थंडीत बाहेर कसा झोपतो. बाबानं शिकवलं तसाच झोपतो गा. तुले याद असंन, आपण दोघं मासोळ्या राखाले बाबासोबत याच पाळीवर झोपत होतो. जमीन वीतभर उकरायची, त्याच्यात इंगळ पसरायचे, वरून चार बोटं माती, मातीवर धानाचं तणस, तणसावर वाकळ. रातभर पाठ गरम राहे. बाबा म्हणे, "खाली इंगळ, मधात माती, वर अंग, आन डोक्याले वारा." तू डोकं वाकळीत घ्यायचा आन बाबा तुले कानाले धरून बाहेर काढायचा. तुले खूब राग यायचा.

हे कॅम्पाचं तुले माहीत नसंन. आपल्या जुन्या सरपंचाचा पोरगा निकेश, त्यानं तीन वर्षं झाले पाळीखाली तंबू लावले. नागपूरचे लोक येतेत, सकाळी पाखरं मोजतेत, रातच्याले स्वतःले पिशवीत भरून गळ्यापर्यंत चेन लावतेत आन म्हणतेत थंडी वाजते. वाजंनच ना, थंडी जमिनीतून येते, वरून नाई. त्यायले कोण सांगंन. मी इथी राखणदार. दिवसा लाकडं फोडतो, रातच्याले चकरा मारतो.

ग्रामपंचायतीनं मले शाल-नारळ देल्लं. पेपरात फोटो आला, त्याच्याखाली 'प्रसंगावधान' असं छापलं. तू तो फोटो कपाटावर चिकटवला म्हणे. काढून टाक गा. माझं तोंड त्यात बरं नाई आलं.

इस्तारी


१७ जानेवारी

प्रफुल,

तुझी चिठ्ठी भेटली. दोनदा वाचली. एकदा गोकुळाले वाचून दाखवली, पण मधातला एक भाग सोडून.

तू लिहिलं, पायलले तू खूब बोलला. आगीसोबत खेळ केला, घरी न सांगता गेली, तुझ्यापायी दुसऱ्याची पोरगी हातानं अधू झाली, असं. आन ती म्हणते की तिले काईच आठवत नाई. पहिल्यांदा म्हणत होती की मी इंगळाचं घमेलं तंबूत नेलं नाई, आता म्हणते, असंन, मीच नेलं असंन.

पोरीले बोलू नको, प्रफुल. थंडीत लेकरं काईही करतेत. ती घरी न सांगता आली हे खरं, पण कोणाकडे आली? मोठ्या बाबाकडे आली. अकरा वर्षांची होती तवा पाह्यली होती मी तिले. कॉलेजच्या गाडीतून आठ जणं उतरले, त्याच्यात एक पोरगी सरळ माझ्यापाशी आली, पाया पडली आन म्हणली, "मोठे बाबा, ओळखलं का?" तुझ्या कपाळावर जशी आठी पडते तशीच तिच्या पडते. ओळखाले काय लागते. हर्षाले म्हणली, "हे माझे मोठे बाबा, यायले तलावातल्या सगळ्या मासोळ्या नावानं माहीत आहेत." आमच्या घरी लेकरू नाई, तुले माहीत आहे. गोकुळानं घरून तिच्यासाठी मुरमुऱ्याचे लाडू आणले. आमच्यासाठी तो सण होता.

आता मले तुले एक खरं सांगायचं आहे. रागावजो, पण वाचजो.

मायच्या मातीच्या दिवशी मी तुले खोटं बोललो. गाववाले थांबाले तयार नव्हते, म्हणून उचलली, असं मी सांगतलं. गाववाले तयार होते. कोलूभाऊनं तं म्हणलं होतं, पोरगा वडशापर्यंत आला आहे, तासभरात येते, बसू. मीच म्हणलो, उचला. माय पाच महिने खाटेवर होती आन तू एकदा आला, तेही चपला न काढता गेला. मले वाटलं, आता याले मायचं तोंड दिसू द्यायचं नाई. रागानं केलं, आन मंग नऊ वर्षं गाववाल्यायच्या नावानं खपवलं.

मन हलकं झालं असं लिहितेत लोक. मीही लिहिणार होतो. झालं नाई.

इस्तारी

पायलले थंडीची बाहेर फिरू देऊ नको.


२६ जानेवारी

प्रफुल,

ही चिठ्ठी मी टाकणार नाई. तरी लिहून राह्यलो. टाकायची नाई म्हणलं तं हात बराबर चालते.

काल हर्षाचा बाप आला होता. देवाजी नाव आहे, मूलले गवंडीकाम करते. दोन बशी बदलून आला. मी शेकोटीजवळ होतो. "जय भीम, भाऊ," म्हणला. मी "राम राम" म्हणलो आन पोतं टाकून देल्लं बसाले. मले वाटलं हा आता अंगावर येते. आला असता तं बरं झालं असतं. त्यानं हात शेकले. चहा पेला. तलावात पानी किती राहते उन्हाळ्यात, ते विचारलं. मंग म्हणला, "पोरीचा स्वेटर राह्यला होता इथी."

मी तंबूच्या सामानातून काढून देल्ला. त्याले अजून धुराचा वास होता. त्यानं तो मांडीवर घेतला.

"भाऊ, एक विचारू का? रागावू नका."

"विचारा ना."

"मी गवंडी आहे. घमेलं माझ्या रोजच्या हातातलं. इंगळानं भरलेलं घमेलं उघड्या हातानं उचलता येते का?"

"नाई," मी म्हणलो.

"माझ्या पोरीच्या हाताले चटका नाई. तुमच्या पुतणीच्याही नाई. मी दवाखान्यात दोघींचेही हात पाह्यले."

"कापडानं धरलं असंन."

"त्यायच्यापाशी सगळं नायलॉनचं होतं, भाऊ. चिकटलं असतं."

मी लाकूड सरकवलं. चोराच्या मनात चांदणं म्हणतेत तसं, मले वाटे याले सगळं माहीत आहे, नुसता माझ्या तोंडून ऐकाले आला आहे. पण तो तसा माणूस नोहे. म्हणला, "मी कोणाचं नाव घेत नाई. पोरीले जो येते तो विचारते, बाई, तू काऊन नेलं? ती म्हणते, बाबा, मी नेलं का हो? तिले काई तरी सांगा लागते म्हणून आलो. तुम्ही काढलं ना त्यायले बाहेर. तुम्ही काई पाह्यलं होतं का?"

"मी चकरेवर होतो. तलावाच्या तिकडच्या आंगाले."

असं म्हणलो मी, प्रफुल. त्याच्या तोंडाकडे पाहून म्हणलो.

तो उठला. ज्या पोत्यावर बसला होता ते त्यानं झटकलं, घडी केली आन माझ्या हातात देल्लं. पोत्याले दोन जागी जळाल्याचे काळे डाग होते, हाताच्या रुंदीएवढे. त्यानं पाह्यले का नाई, मले सांगता येत नाई. "तुमचे उपकार आहेत, भाऊ, माझी पोरगी जित्ती आहे," म्हणून गेला.

ते डाग कशाचे ते आता लिहितो.

अठ्ठावीस डिसेंबरच्या रातीले खूब थंडी होती. पोरं पोरी शेकोटीवरून उठून आपापल्या तंबूत गेले. अर्ध्या घंट्यानं पायल बाहेर आली. दात वाजून राह्यले होते तिचे. म्हणली, "मोठे बाबा, झोपच येत नाई, हर्षाचे तं पाय बरफ झाले." मी म्हणलं, जा आत, मी करतो काई तरी. बाबासारखी जमीन उकरून दिली असती, पण तंबूले खालून कापड शिवलेलं राहते. मंग मी शेकोटीतले चांगले लाल इंगळ निवडले, धूर नसलेले, घमेल्यात भरले. पोतं तलावात बुडवून आणलं, त्यानं घमेल्याचे काठ धरले आन त्यायच्या तंबूत, पायथ्याशी, एका सपाट गोट्यावर ठेवलं. पायल म्हणली, "वा मोठे बाबा." हर्षानं पाय लांब केले. मी बाहेर आलो आन थंडी आत जाऊ नये म्हणून चेन खालपर्यंत लावली. वरची हवेची खिडकी होती, तिचीही चेन लावली. माझ्या हातानं.

बाकीच्या तंबूले नाई देल्लं. फक्त आपल्या पोरीले.

आपल्या घरी माय रोज घमेलं ठेवे खाटेखाली. हिवाळाभर. कोणाले काय झालं? आपलं घर कुडाचं, कवेलूतून चांदणं खाली पडे. आपण पांघरूण घेऊन झोपलो तरी वारा नाकाजवळून जाये. तंबूचं कापड पानी येऊ देत नाई, मले वाटलं चांगलं आहे, ऊबही जाऊ देणार नाई. निकेशनं पाटी लावली होती, तंबूत आग नेऊ नये, त्यावर ज्वाळेचं चित्र होतं. मी रोज पाहो ते. मले वाटे, ज्वाळ नाई, धूर नाई, तं काय होते.

चार वाजता चक्कर मारून आलो तं म्हणलं, इंगळ विझले असतीन, बदलून देऊ. आवाज देल्ला. पुन्हा देल्ला. चेन उघडली तं पायल दारापाशी आडवी, एक हात कापडावर. ती बाहेर याले गेली होती, प्रफुल. चेन बाहेरून खाली होती, तिले सापडली नाई. हर्षा मागं, घमेल्याच्या बाजूनं. दोघींले ओढून पाळीवर आणलं, आरडाओरड केली, गाडी आली. डॉक्टर म्हणला, बंद तंबूत इंगळाचा गॅस कोंडला, त्यानंच हर्षाचा हात गेला. हे सगळं पेपरात आलं. त्याच्या आधीचं नाई आलं.

ठाण्यात जाण्याआधी निकेश म्हणला, "काका, झाकली मूठ सव्वा लाखाची. कॅम्पाच्या माणसानं ठेवलं असं निघालं तं कॅम्प बंद. सुकरीबाईची चूल याच्यावर, लच्छूची याच्यावर. आन तुम्ही आत. पोरी तं वाचल्या ना? पोरींनीच नेलं म्हणा. त्यायले कोण काय करते." जबाब त्यानं सांगतला, मी सही केली. माझी सही आता बरी येते, मस्टरवर करून करून.

मंग दवाखान्यात आलो तं तू समोर. मी तोंड उघडणारच होतो. शपथ नाई घेत, पण उघडणार होतो. तू माझ्या पायावर पडला. नऊ वर्षांनी तू मले शिवला. मी तसाच उभा राह्यलो.

तवापासून तोंड दाबून बुक्क्यांचा मार आहे. लोक चहा पाजतेत. निकेश माझ्याकडे पाहते आन मान हलवते, बराबर चालू आहे काका. मले इथून कामही सोडता येत नाई, सोडलं तं लोक विचारतीन काऊन सोडलं. गोकुळाले मी सांगतलं नाई, पण ती मले शालीकडे पाहू देत नाई. पेटीत टाकून देल्ली. काल म्हणली, "तुम्ही दुपारच्या झोपेत चेन चेन म्हणता."

बाहेर झोपतो तरी जीव कोंडते. जमीन उकरतो, इंगळ टाकतो, माती टाकतो, आन मंग त्याच्यावर झोपतच नाई. बसून राहतो.

टाकणार नाई ही चिठ्ठी. टाकली तं तू पुन्हा गेला.


२ फेब्रुवारी

प्रफुल,

सोबत सव्वीस तारखेची चिठ्ठी आहे. ती आधी वाच. मंग हे.

काल टेकडीवर चढून गोकुळानं साधनाले फोन केला. साधना रडून राह्यली होती. तुझी बायको माझ्या बायकोजवळ रडली, म्हणजे तुझ्याजवळ तिले रडता येत नसंन. म्हणली, पायल पंधरा दिवसांपासून कॉलेजात गेली नाई. रातच्याले गच्चीवर जाते. खाली चटई नाई, अंगावर काई नाई. उचलून आणलं तं घंट्याभरानं पुन्हा वर. म्हणते, "हर्षाचा हात माझ्यामुळं गेला, मले कायले पांघरूण." तिले खोकला लागला आहे, ताप येते. तू म्हणते, नाटक करते, दोन दिवसांत उतरंन.

गोकुळा टेकडीवरून खाली आली आन माझ्यापुढे बसली. म्हणली, "घमेलं तुम्हीच ठेवलं ना?"

मी हो म्हणलो. इतकं सोपं होतं ते, मले माहीत नव्हतं.

ती म्हणली, "मले पहिल्या दिवशीपासून माहीत आहे. ते पोतं मी धुतलं. मी वाट पाहून राह्यली होती. आता नाई पाहत. उद्याच्या सकाळी तुम्ही नाई गेले तं मी जातो."

आज सकाळच्या बशीनं गेलो. पोतं सोबत नेलं. निकेश वाटेत भेटला, त्याले सांगूनच गेलो, मागून काई केलं असं नको. तो म्हणला, "काका, तुमच्या भावानं तुम्हाले आत्ता कुठं जवळ केलं." बराबर नस धरली पोट्ट्यानं. बस उभी होती म्हणून चढलो, नाई तं परतलो असतो.

ठाण्यात साहेब जेवून राह्यला होता. बाकावर बसलो घंटाभर. मंग सगळं सांगतलं, जसं तुले लिहिलं तसं. पोतं टेबलावर ठेवलं. घमेलं कसं धरलं ते हातानं दाखवलं. साहेबानं जुना जबाब काढला, माझी सही पाह्यली आन म्हणला, "महिना झाला. आतापर्यंत काऊन नाई सांगतलं? कोणी दम देल्ला होता का?"

निकेशचं नाव माझ्या तोंडात आलं होतं. त्यानं जबाब सांगतला तेही मी लिहून देल्लं आहे. पण सांगतलं नाई ते त्याच्यामुळं नोहे.

मी म्हणलो, "साहेब, माझा भाऊ वापस आला होता."

त्याले समजलं नाई. त्यानं ते लिहिलंही नाई.

आता पुढं काय होते ते होईन. केस होईन म्हणला. कॅम्पही आजच बंद करतो म्हणला. सुकरीबाई सकाळी बशीपाशीच येऊन बोलून गेली, तिचं बरोबर आहे. ठाण्यातून निघालो ते तसाच मूलच्या बशीत बसलो. देवाजी दारातच होता. मी सांगतलं. तो आत गेला, हर्षाले हाताले धरून बाहेर आणलं आन म्हणला, "बाई, ऐक. तू नाई नेलं." त्या पोरीनं माझ्याकडे पाह्यलं नाई. बापाकडेच पाहत होती. मले बस म्हणलं नाई कोणी, आन मी बसलोही नसतो. मूलच्या स्टँडावर बसून हे लिहून राह्यलो. तुमच्या नागपूरची गाडी लागली आहे, तिच्या कंडक्टरच्या हातानं चिठ्ठी पाठवतो. त्याच्याजवळ साधनाचा नंबर देल्ला आहे. पोस्टानं चार दिवस लागतीन. चार दिवस नाई आहेत.

मायच्या वेळी मी तुझ्यासाठी तासभर थांबलो नाई, आन आता महिनाभर थांबलो. दोन्ही वेळी उलटंच केलं.

पायलले ही चिठ्ठी तू वाचून दाखव. तिच्या हातात देऊ नको, तू वाच, तुझ्या आवाजात. तिले म्हण, घमेलं मोठ्या बाबानं ठेवलं, चेन मोठ्या बाबानं लावली, तू तं दारापर्यंत आली होती.

मले दादा म्हण नाई तं नको म्हणू. कपाटावरचा फोटो काढ. आन आज पोरीले गच्चीवरून खाली आण, तुझ्या हातानं तिच्या अंगावर पांघरूण टाक. डोकं उघडं ठेवजो.

इस्तारी